आधी शेजारचं दार

ढोके मावशी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्या आमच्या घरात आल्याच नाहीत. शनिवारी सकाळी दहाची वेळ ठरली होती. माझ्या बायकोने, मृणालने, पोहे करून, वर ओलं खोबरं पेरून झाकून ठेवले होते. मी खिडकीत उभा. एक जुनी निळी गाडी थांबली. सलवार-कमीज, वर जाड जॅकेट आणि पायांत बांधकामावरचे बूट घातलेल्या सत्तरीच्या एक बाई उतरल्या. आमच्याकडे बघून त्यांनी हात हलवला आणि सरळ शेजारच्या दाराची बेल दाबून त्या आत गेल्या. पाऊण तास झाला तरी बाहेर येईनात. "अगं, बोलावलं आपण, फी आपण देणार, आणि ही बाई तिकडे जाऊन बसलीय!" मी मृणालवर चिडलो, जसं काही तिनेच त्यांना तिकडे धाडलं होतं.

शेवटी एकदाच्या आल्या. बूट दाराशी काढले, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल नीट केली आणि म्हणाल्या, "मिस लोरेनने केक खाऊ घातला. पण पोह्यांना जागा आहे. दे." मी जरा खवचटपणेच विचारलं, "मावशी, पत्ता चुकला का?" त्यांना ते कळलं, पण राग नाही आला. "मी आधी शेजारीच जाते," त्या म्हणाल्या. "तुझं घर तू सांभाळशीलच बापा. जिला काहीच खोदायचं नाही आणि तरी जिची भिंत हलणार, तिला आधी विचारायला पाहिजे नं."

आता हे खोदायचं प्रकरण सांगतो. फिलाडेल्फियात आमचं रो-हाउस आहे. एकाला एक चिकटलेली घरं, मधली भिंत सामाईक, म्हणजे तिची एक बाजू आमच्या हॉलमध्ये आणि दुसरी मिस लोरेनच्या. मिस लोरेन (गल्लीत सगळे त्यांना आदराने असंच म्हणतात) म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या बाई, नवरा गेलेला, मुली दूर. आमची गल्ली उतारावर असल्याने पुढच्या दाराला सात पायऱ्या, पण मागच्या बाजूने बेसमेंटमध्ये सरळ पाऊल टाकता येतं, एकही पायरी नाही. माझ्या बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले. आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे होते. बेसमेंटचा मागचा अर्धा भाग खोलीसारखा होता, पुढचा अर्धा नुसता मातीने भरलेला. ती माती काढली की बाबांना झोपायची खोली, बाथरूम, सगळं एका पातळीवर मिळणार होतं. पण माती काढायची म्हणजे सामाईक भिंतीच्या पायाखाली जायचं. शहराचा नियम असा की खोदण्याआधी शेजारच्या घराची पाहणी करायची, कुठे काय तडे आहेत ते लिहून ठेवायचं आणि पाहणी करणाऱ्या इंजिनिअरची सही घ्यायची. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, ढोके मावशींचं नाव मिळालं. मला बरंच वाटलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात होतं, आपलं माणूस आहे, सही पटकन होईल.

पोह्यांचा दुसरा घास घेता घेता मावशींनी विचारलं, "तिच्या हॉलच्या भिंतीला ताजा रंग कोणी दिला?"

"आम्हीच!" मी अभिमानाने सांगितलं. झालं असं होतं की आई-बाबा येणार म्हणून आम्ही हॉल रंगवून घेतला. मृणाल म्हणाली, रंगारी आलेच आहेत तर मिस लोरेनची ती तडे गेलेली भिंतही करून देऊ. पाहणीला कुणी परकं माणूस येणार, घर बरं दिसायला नको का? पाहुणे यायचे म्हटलं की भिंती रंगवायच्या, हे आमच्या रक्तातच. तडे लांबी भरून बुजवले, वर छान फिकट पिवळा रंग. मिस लोरेनने आम्हाला मिठीच मारली होती.

मावशींनी बशी खाली ठेवली. "पुसून टाकलं बापा तुम्ही. सगळं पुसून टाकलं. अरे, ते तडे पाहायलाच तर मला बोलावलं नं तू? डॉक्टर येणार म्हणून गोळी घेऊन ताप उतरवून ठेवल्यासारखं केलंत. आता उद्या तिथे तडा दिसला तर जुना की नवा, सांगणार कोण?" मृणालचा चेहरा पडला. मी म्हटलं, "मग आता काय करायचं?" "आता काय म्हणजे? शोधायचं," मावशी म्हणाल्या आणि उरलेले पोहे संपवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिस लोरेनच्या कोचावर. समोर अकरा फोटो अल्बम. मिस लोरेनच्या घरी लग्नापासून प्रत्येक वाढदिवसाचा फोटो एकाच जागी काढलेला, त्या भिंतीसमोर, टेबलावर केक. मावशींनी भिंग काढलं. मिस लोरेन प्रेमाने दाखवतायत, "हे माझे मिस्टर. ही आमची डेनीस, पाच वर्षांची." मावशी म्हणतात, "छान आहे हो पोरगी. फक्त जरा बाजूला उभी राहिली असती तर बरं झालं असतं, मला तिच्या मागचं पाहायचं आहे." मिस लोरेन इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्या स्वतःच शोधायला लागल्या. लोकांची डोकी, फुगे, मेणबत्त्या यांच्या मागे दोन म्हाताऱ्या बायका भिंत वाचत होत्या. भिंतीवरचं विजेचं बटण सगळ्या फोटोंत होतं आणि अजूनही तेच होतं. बटणाच्या मापाने मावशी प्रत्येक वर्षीचा तडा मोजायच्या आणि वहीत उतरवायच्या.

दुपारपर्यंत गोष्ट स्पष्ट झाली. सुरुवातीची कितीतरी वर्षं तडा नव्हताच. मग डेनीस हायस्कूल पास झाली त्या वर्षी छताच्या कोपऱ्यातून बोटभर उतरला. पुढच्या वाढदिवसाला बटणापर्यंत. त्यानंतर थांबला. मावशींनी मान वर करून, माझ्याकडे बोट दाखवत विचारलं, "डेनीस पास झाली तेव्हा मिलिंदच्या घरात कोण राहत होतं?" मिस लोरेनना नाव आठवेना, पण तो उन्हाळा आठवत होता. त्या माणसाला बेसमेंटमध्ये पूल टेबल, म्हणजे बिलियर्ड्ससारखं खेळायचं मोठं टेबल, ठेवायचं होतं. महिनाभर ठोकाठोक चालली होती, मागच्या गल्लीतून ढकलगाड्या भरभरून विटा जात होत्या.

"आत किती आल्या?" मावशींनी विचारलं.

"आत?" मिस लोरेन विचारात पडल्या. "आत आलेल्या नाही पाहिल्या मी, हनी. फक्त बाहेर जाताना पाहिल्या."

मावशींनी वही मिटली. मग उठून त्यांनी एक असं काम केलं की मिस लोरेन "ओ नो" म्हणून उभ्याच राहिल्या. अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी त्या नव्याकोऱ्या पिवळ्या भिंतीवर फोटोतला तडा जसाच्या तसा काढला, छताच्या कोपऱ्यापासून बटणापर्यंत. तीन ठिकाणी नखाएवढा रंग खरवडून पाहिला. तिन्ही ठिकाणी बुजवलेला तडा बरोबर रेषेखाली निघाला. टोकाशी आडवी खूण, बाजूला तारीख आणि वर चौकटी छापलेली एक छोटी पारदर्शक पट्टी चिकटवली. तडा केसभर जरी रुंदावला तरी त्या पट्टीवर कळतो.

मला वाटलं झालं, आता सही. कसलं काय! मावशी आमच्या बेसमेंटमध्ये गेल्या. गाडीतून त्यांनी आपली घडी केलेली गोधडी आणली होती. गोधडीचा तुकडाच तो, आईच्या लुगड्यांचा, कामावर गुडघ्याखाली घ्यायला. मागच्या खोलीत सामाईक भिंतीवर तपकिरी लाकडी फळ्यांचं आच्छादन होतं, आधीच्या मालकाने लावलेलं. मावशी गोधडीवर गुडघे टेकून फळ्यांवर बोटांनी टकटक करत गेल्या. एका जागी आवाज पोकळ आला, तिथे थांबल्या. "हे उघडायचं," म्हणाल्या. "आज."

सोमवारी कंत्राटदार खोदायला यायचा होता. आई-बाबांची तिकिटं पाच आठवड्यांवर. फळ्या काढायच्या म्हणजे मागे काय निघेल आणि किती दिवस जातील, देव जाणे. कंत्राटदाराला फोन केला, तो म्हणाला, काही गरज नाही. मी मावशींना समजावलं, मग विनवलं, मग माझं डोकं फिरलं. "मावशी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात? माझ्या की तिच्या?" मी ओरडलोच. "आपण मराठी माणसं, मला वाटलं होतं थोडं सांभाळून घ्याल. नाहीतर मी दुसरा इंजिनिअर बघतो."

आजही हे लिहिताना लाज वाटते. मावशींनी वहीचं पान फाडलं, त्यावर दोन नावं आणि फोन नंबर लिहून माझ्या हातात दिले. "घे. दोघंही चांगले आहेत. पण त्यांनाही फोटोंतलं दाखव, लपवू नको." मग गोधडीवरच मांडी घालून बसल्या. "तुझ्या बाजूने नाही, तिच्याही नाही. मी भिंतीच्या बाजूने आहे. माझे बाबा वर्ध्याला गवंडी होते. भिंत बांधून झाली की तिच्यावर हात फिरवून घरी यायचे. मी इंजिनिअर झाली, इकडे आली, नवरा गेल्यावर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इथली परीक्षा दिली. पहिल्याच वर्षी एक काम आलं. मालक म्हणाला, शेजारच्या म्हाताऱ्याला कशाला त्रास द्यायचा, तो ऐकूनच घेत नाही. मी म्हटलं बरं. गेलीच नाही मी त्याच्याकडे. अरे, त्याचं मागचं दार आठ दिवसांपासून चौकटीला घासून राहिलं होतं, भिंत खचत असल्याची खूणच ती. कोणी विचारलंच नाही त्याला. मागची भिंत बसली. जीव वाचला त्याचा, पण तो घरी परत नाही आला राहायला." मग त्या म्हणाल्या, "तुझे आई-बाबा याच भिंतीखाली झोपणार नं?"

एवढं बोलून त्या निघून गेल्या. मी कागद हातात धरून जिन्यात बसून राहिलो. त्या नावांपैकी एकाला फोन करायचा, असं मी ठरवलंही होतं. तेवढ्यात खालून दाणदाण आवाज आला. जाऊन बघतो तर मृणाल हातोडीने फळीचे खिळे उपटत होती. "रंग द्यायची अक्कल मी चालवली होती," ती म्हणाली. माझ्याकडे बघतही नव्हती. "आता हेही मीच करते. बाबा झोपणारेत इथे, मिलिंद." मी दुसरी हातोडी आणली.

तिसरी फळी निघाली आणि आम्ही दोघं मागे सरलो. तिथे सामाईक भिंतीतून वर जाणाऱ्या जुन्या धुराड्याचा विटांचा पाया असायला हवा होता. पायाच नव्हता. पूल टेबलासाठी त्या माणसाने तो पार कापून काढला होता. वर तीन मजल्यांचं विटांचं धुराडं, अर्धं आमचं, अर्धं मिस लोरेनचं, खालून मोकळं, नुसतं दोन लाकडी फळ्यांवर अडवलेलं. फळ्या कुजल्या होत्या. माझं बोट सहज आत गेलं. सोमवारी मशीन त्याच्या चार हात पुढे चालणार होतं, आणि मिस लोरेन बरोबर वर, आपल्या कोचावर बसलेल्या असणार होत्या. मी लगेच मावशींना फोन केला. "हात नको लावू. दोघं बाहेर जा. लोरेनलाही सोबत ने. मी आली," एवढंच म्हणाल्या. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारले नाहीत आणि नंतरही कधी नाहीत.

संध्याकाळच्या आत लोखंडी टेकू लागले. कंत्राटदार टोपी काढून बघत उभा राहिला आणि तेव्हापासून मावशींना मॅडम म्हणायला लागला. आधी धुराड्याखाली नवा पाया, मगच खोदकाम. तेही सलग नाही. चार फुटांचा एक खड्डा, त्यात काँक्रीट, मग मधली जागा सोडून पुढचा, म्हणजे भिंत कधीच अधांतरी राहत नाही. एकदा घाईत त्याने दोन खड्डे शेजारी-शेजारी घेतले. मावशींनी त्यातला एक माती घालून बुजवायला लावला आणि तो पूर्ण बुजेपर्यंत काठावर गोधडी टाकून बसून राहिल्या. "तू कर, मी पाहून राहिली," एवढंच त्याला ऐकवलं. त्याला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण हात झपाझप चालायला लागले.

आई-बाबा आले तेव्हा काम निम्मंसुद्धा झालं नव्हतं. बाबांना त्या सात पायऱ्या दोघांनी धरून चढवलं. पलंग हॉलमध्ये, अंघोळीचं बाथरूम वरच्या मजल्यावर. चौदा पायऱ्या बाबा बसून, एकेक पायरी मागे सरकत चढायचे. मला बघवत नसे. एकदा मावशींसमोर मी तसं बोललो. त्या काही बोलायच्या आत बाबाच वरून म्हणाले, "अरे, चढतोय ना मी? त्या बाईंना घाई लावू नकोस."

अडीच महिने मावशी रोज सकाळी सातला यायच्या. आधी शेजारचं दार. मिस लोरेनच्या भिंतीसमोर गोधडी टाकून, टॉर्च लावून पट्टी बघायच्या, तारीख टाकायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "हलली नाही." मराठीतच. मग आमच्याकडे येऊन तेच, "हलली नाही," आणि बाबांबरोबर चहा. वर्धा जिल्ह्यातली मिरची तिखट की आमच्या साताऱ्याची, यावर दोघं रोज भांडायचे. मिस लोरेनने पहिल्या आठवड्यातच त्या दोन शब्दांचा अर्थ विचारून घेतला होता. मावशी कधी पाच मिनिटं उशिरा आल्या तर त्या गाऊनमध्येच दारात उभ्या असायच्या.

ऑक्टोबरात खोली झाली. बाबा मागच्या गल्लीतून, एकही पायरी न चढता, काठी टेकत आत गेले आणि पलंगावर बसून त्यांनी भिंतीवर हात फिरवला. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. शेवटच्या कागदावर त्यांनी मिस लोरेनची आणि माझी सही घेतली, मग आपली केली. जाताना म्हणाल्या, "वर्षाने एकदा पाहावं लागते. पुढच्या ऑक्टोबरात येते मी, पोहे करून ठेव." गोधडी बेसमेंटमध्येच राहिली. फोन केला तर म्हणाल्या, "राहू दे. येईन तेव्हा लागेलच."

ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीचा रेडमंडहून फोन आला. मावशी सकाळी एका घराची पाहणी करून आल्या, जेवल्या, खुर्चीत बसल्या आणि तिथेच गेल्या. मुलगी त्यांची डायरी चाळत होती, पुढची कामं लोकांना कळवायला. "ऑक्टोबरमध्ये तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "आईने लिहिलंय, मिलिंद, आणि खाली, आधी लोरेन." मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये परत जाता आलं नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मृणालने पोहे केले. आई-बाबा यंदा पुन्हा आले होते. बाबांनी गोधडी झटकून माझ्या हातात दिली. मी दहा वाजता बाहेर पडलो आणि आधी शेजारच्या दाराची बेल दाबली. मिस लोरेन वाटच बघत होत्या. त्यांच्या मुलींनी ती पेन्सिलची रेष रंगवून टाकायचा आग्रह केला होता, यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी गोधडी टाकली, गुडघे टेकले, टॉर्च लावला. पट्टीवरची रेष होती तिथेच होती. मावशींनी केलेल्या आडव्या खुणेच्या पुढे कुठेही तडा नव्हता. बाजूला त्यांच्या अक्षरातली तारीख. मी ती पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

मिस लोरेननी माझ्या हातातून टॉर्च घेतला. माझ्या खांद्याचा आधार घेत हळूहळू वाकल्या, चष्मा कपाळावर सरकवून पट्टी नीट पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली. आणि सरळ उभ्या राहून, पलीकडे आमच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "हलली नाही."